निनवे : जगाला धाक घालणाऱ्या राजांना कशाची भीती वाटायची?

मातीची_पाटी

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात (आता छत्रपती शिवाजी महाराज, आमच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्सच) असीरियन राजवाड्यातले अस्सल शिल्पपट आहेत. मी मुंबईत जन्मलो, पण हे मला पंचेचाळिशीत कळलं, तेही भाचीमुळे. तिने विचारलं, "मामा, हे इराकमधलं इथे कसं?" मी फलक वाचायचं नाटक करून वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचत बसलो. त्यातून हा धागा.

इथे कसं, त्याचं उत्तर सोपं आहे. १८४५ पासून हेन्री लेयार्ड निमरूद आणि निनवेला (आजच्या उत्तर इराकमधल्या असीरियन राजधान्या) खोदत होता. निघालेला माल फुगवलेल्या कातडी पखालींच्या तराफ्यांवरून तैग्रिस नदीतून बसऱ्याला, तिथून जहाजाने मुंबईला आणि मग लंडनला. मुंबईत काही पेट्या उघडल्या गेल्या, लोकांनी हौसेने बघून घेतलं, आणि लेयार्ड त्यावरून पुढे चांगलाच भडकला. आपल्या बंदराची ही एक जुनी खोड म्हणायची.

पण मला अडकवलं ते त्या राजांनी. ई.स.पू. नववं ते सातवं शतक या काळात असीरियाने आजचा इराक, सीरिया, तुर्कस्तानचा काही भाग, पॅलेस्टाइन आणि शेवटी इजिप्तपर्यंत मजल मारली. दुसऱ्या अशुरनासिरपालने (ई.स.पू. ८८३–८५९) कल्हू म्हणजे निमरूदला राजधानी बांधली आणि वास्तुशांतीला दहा दिवस जेवण घातलं, पाने ६९,५७४. हा आकडा त्याने दगडावर कोरून ठेवलाय. आपल्याकडे लग्नाचा केटरर पण इतका नेमका हिशेब देत नाही.

पुढे दुसऱ्या सार्गोनने खोर्साबादला नवंकोरं शहर उभारलं. ई.स.पू. ७०५ मध्ये तो तबालच्या (आजचं तुर्कस्तान) लढाईत पडला आणि त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. राजाला मूठमाती नाही! पोरगा सन्हेरीब याने बापाचं शहर सोडून निनवे गाठलं. त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखांत बापाचं नाव जवळपास येतच नाही. "माझ्या बापाने असं कोणतं पाप केलं की त्याच्या घरात त्याला पुरता आलं नाही", असा कौल देवाकडे लावल्याचा मजकूर सापडलाय. (तो सन्हेरीबच्या तोंडी घातलाय, रचला मात्र त्याच्या मुलाच्या काळात.)

सन्हेरीबने निनवेला "ज्याला जोड नाही असा राजवाडा" बांधला. कोट साधारण १२ किलोमीटरचा, आतलं क्षेत्र ७५० हेक्टरच्या घरात. बागेत परदेशी झाडं. त्यात "लोकर देणारी झाडं" होती, ती लोकर पिंजून लोकांनी कापड विणलं असं तो लिहितो. ओळखलंत ना? कापूस. मूळ रोप आपल्या उपखंडातलं असण्याचा संभव दांडगा. यवतमाळच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

या सन्हेरीबला ई.स.पू. ६८१ मध्ये पोटच्या पोराने मारलं. हयात मुलांतल्या थोरल्याला डावलून धाकट्या एसरहद्दोनला युवराज केलं होतं, त्याचा राग. एसरहद्दोन जीव वाचवायला पश्चिमेकडे लपून होता. तिथून आला, भावांना पळवलं आणि गादीवर बसला. ६७१ मध्ये त्याने इजिप्तचं मेम्फिस घेतलं. तोवरच्या कुठल्याही असीरियन राजापेक्षा मोठं राज्य.

आणि आता धाग्याचा मुद्दा. या माणसाची पत्रं सापडली आहेत. त्याच्या ज्योतिष्यांनी, मांत्रिकांनी, वैद्यांनी त्याला लिहिलेली. शिलालेखात तो "जगाचा राजा, चारही दिशांचा राजा". पत्रांत मात्र तो सतत आजारी, अंगावर फोड, ताप. वैद्य विनवतोय. एका पत्रात दोन विद्वान काकुळतीला येऊन लिहितात की एक दिवस उपास पुरे नाही का, आज तिसरा दिवस, महाराज काही खात नाहीत, राजा की भिकारी!

आणि चंद्रग्रहण लागलं की तर काय. ग्रहण म्हणजे राजाच्या मरणाची खूण. उपाय असा : दुसऱ्याच कुणाला तरी गादीवर बसवायचं. त्याला राजवस्त्रं, राणी म्हणून एक कुमारिका, खाणं-पिणं, सगळं. अपशकुन त्याच्या नावावर चढवायचे. जास्तीत जास्त शंभर दिवस. मग तो आणि ती राणी "आपल्या नशिबाला जात". म्हणजे काय ते सांगायला नको. तोवर खरा राजा लपून बसे आणि दरबारी त्याला पत्र लिहीत ते असं : "शेतकरी महाराजांना, तुमचा सेवक..."

चारही दिशांचा राजा, आणि मायना शेतकरी! एसरहद्दोनने हा प्रकार एकदा नाही, अनेकदा केला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की निनवेचं सामर्थ्य जितकं सैन्यातून कळतं तितकंच या भीतीतून कळतं. त्याचा पोरगा अशुरबनिपाल याचं जगप्रसिद्ध ग्रंथालयसुद्धा मुळात भीतीचं कोठार आहे. बोला.

---

टिवल्याबावल्या

६९,५७४ पानं आणि एकानेही "मीठ कमी आहे" म्हटलं नाही? यावरूनच राजाचा धाक कळतो. :)

---

कावेरीकाठ

वाचनखूण साठवली. पण "भीतीचं कोठार" जरा जास्त होतंय असं नाही का वाटत? त्याच ग्रंथालयात गिल्गमेश (ते प्राचीन महाकाव्य) सापडला ना?

---

मातीची_पाटी

@कावेरीकाठ, सापडला. १८७२ साली जॉर्ज स्मिथला ब्रिटिश म्युझियममध्ये जलप्रलयाची कथा त्याच मातीच्या पाट्यांत मिळाली. पण प्रमाण बघा. तिथून मिळालेल्या पाट्या आणि तुकडे मिळून तीस हजारांच्या आसपास. त्यात गिल्गमेशच्या पाट्या किती? महाकाव्य बारा पाट्यांचं, त्याच्या काही प्रती. उलट आकाशातल्या शकुनांची एकच मालिका सत्तर पाट्यांची. जमिनीवरच्या शकुनांची शंभराच्या वर. मुंग्या कुठल्या भिंतीवर चढल्या, मांजर कुठल्या रंगाचं आडवं गेलं, पाल माणसाच्या अंगावर कुठे पडली. हो, पाल! आजीच्या पंचांगात पल्लीपतनाचं पान असायचं ते आठवलं. (ते तिथून आलं असं मी म्हणत नाही, इथे लगेच कुणी आर्य-द्रविड काढू नका.)

अशुरबनिपालच्या नावाचं एक पत्र आहे, बोर्सिप्पाच्या शदुनू नावाच्या अधिकाऱ्याला. घराघरांतून, देवळांतून पाट्या गोळा कर, कुणी नाही म्हणायचं नाही. आणि यादी काय? ताईत, युद्धातले मंत्र, बाण माणसाजवळ येऊ नये म्हणून काय करायचं ते. ही वाचनालयाची वर्गणी नव्हे.

---

खडूफळा

इतिहास शिकवून निवृत्त झालोय, म्हणून थोडं आडवं बोलतो. धागा रंगतदार आहे, पण पुराव्याचा तोल बघा.

निनवेच्या शिल्पपटांत लढाईनंतर लूट मोजणारे दोन कारकून शेजारी उभे दिसतात. एकाच्या हातात पाटी, दुसऱ्याच्या हातात गुंडाळी. पाटीवाला अक्कडी भाषेत (असीरियाची जुनी भाषा) कीलाकार लिपी (मातीत उमटवलेल्या खिळ्यासारख्या खुणांची) लिहितोय, गुंडाळीवाला कातड्यावर शाईने अरमाईक ही दुसरी भाषा. सातव्या शतकापर्यंत राज्याचा बराच कारभार अरमाईकमध्ये चाले. कातडं कुजलं किंवा जळलं. माती उरली. म्हणजे करवसुली, रस्ते, धान्य, बदल्या यांतलं पुष्कळ गेलं, आणि ज्योतिषी मात्र मातीवर लिहायचे म्हणून राहिले. उद्या आपल्या मंत्रालयातल्या सगळ्या फायली जळून फक्त साहेबांच्या टेबलाखालचे नवसाचे कागद उरले, तर तुम्ही काय निष्कर्ष काढाल?

शिवाय अशुरबनिपाल स्वतः लिहिता-वाचता होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. प्रलयापूर्वीचे लेख वाचले, अवघड गुणाकार-भागाकार सोडवले अशी फुशारकी आहे. सिंहाच्या शिकारीच्या पटांत त्याच्या कमरपट्ट्यात बोरू खोचलेला आहे. समोर सिंह आणि कमरेला बोरू! असा राजा मला दुसरा माहीत नाही.

---

मातीची_पाटी

सर, कातड्याचा मुद्दा मान्य. मी तो विचारच केला नव्हता. "कोठार" हा शब्द मागे घेत नाही, पण "मुळात" मागे घेतो.

---

पाटबंधारे_७८

मी सिंचन खात्यातून बाहेर पडलेला माणूस. राजांच्या तब्येतीपेक्षा मला निनवेच्या पाण्यात रस.

सन्हेरीबने डोंगरातल्या खिनीसपासून निनवेकडे पाणी आणलं, पन्नास किलोमीटरच्या आसपास कालवा. वाटेत जरवानला ओढा आडवा आला तर त्यावरून कालवा नेला. दगडी जलसेतू, लांबी २८० मीटरच्या घरात, चुनखडीचे वीस लाखांवर दगड. रोमन लोकांचे जलसेतू आपण कौतुकाने बघतो, हा त्यांच्या कितीतरी आधीचा. कमानी टोकदार, एकेक दगड पुढे सरकवून जुळवलेल्या. तळाला गळती होऊ नये म्हणून वेगळा थर. हे काम करणाऱ्याला उतार कळत होता, एवढं नक्की.

आता गंमत ऐका. बावियानच्या कड्यावर राजाने हकिगत कोरलीय. काम एक वर्ष तीन महिन्यांत उरकलं. उद्घाटनाला पुजारी आणि मांत्रिक पाठवले. आणि विधी व्हायच्या आतच दरवाजा आपोआप उघडला आणि पाणी सुटलं! अहो, गेट फेल झालं! माझ्या नोकरीत असं झालं असतं तर चौकशी, निलंबन, वर्तमानपत्रात फोटो. तिथे काय झालं? देवांची इच्छा म्हणून राजा खूश, खोदणाऱ्यांना तागाची आणि रंगीत लोकरीची वस्त्रं, सोन्याच्या अंगठ्या, सोन्याचे खंजीर. कार्यकारी अभियंता कोण होता कळत नाही, पण ज्याने तो अहवाल लिहिला त्याला माझा साष्टांग.

मात्र तोच लेख पुढे वाचला की हसू मावळतं. त्याच कड्यावर बाबिलोनचा नाश लिहिलाय, ई.स.पू. ६८९ चा. शहर पाडलं, जाळलं, आणि मग भर वस्तीतून कालवे खणून पाणी सोडलं, की पुढे कुणाला इथे शहर होतं हे कळूही नये. एका शहराला पाणी पाजायचं आणि दुसरं पाण्याने विरघळवायचं. दोन्ही कामं एकाच दगडावर, एकाच अभिमानाने.

---

कावेरीकाठ

बाबिलोनवर एवढा राग का?

---

मातीची_पाटी

पोरगा. सन्हेरीबने थोरला मुलगा अशुर-नादिन-शुमी याला बाबिलोनचा राजा केलं होतं. ई.स.पू. ६९४ मध्ये बाबिलोनच्या लोकांनी त्याला धरून शेजारच्या एलाम राज्याच्या स्वाधीन केला. पुन्हा दिसला नाही. बापाचं प्रेत गेलं, मुलाचंही गेलं.

पण बाबिलोन म्हणजे मर्दुक देवाचं शहर. असीरियन लोकही त्याला मानणारे. एसरहद्दोन गादीवर आल्यावर बापाचं कृत्य निस्तरायचं ठरवतो, तर अडचण अशी की मर्दुकने म्हणे रागाच्या भरात शहर सत्तर वर्षं ओसाड राहील असं लिहून ठेवलंय. आता? कीलाकार आकड्यात ७० म्हणजे उभी खूण (६०) आणि पुढे कोन (१०). तोच आकडा उलटा करा : कोन आधी (१०), उभी खूण नंतर (शेवटी आली की तीच खूण १), झाले ११. एसरहद्दोन कोरून ठेवतो की दयाळू मर्दुकने आकडा उलटवला आणि अकराव्या वर्षी बांधकामाला परवानगी दिली.

---

टिवल्याबावल्या

म्हणजे पहिला सीए बाबिलोनमध्येच जन्मला. माझं गृहकर्ज या पद्धतीने उलटवून द्या कुणीतरी.

---

वसईचा_वारा

आमच्याकडे निनवे म्हणजे योना. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली पहिली गोष्ट. देव म्हणाला निनवेला जा, योना उलट्या दिशेच्या जहाजात बसला, मग मासा वगैरे. आम्ही पोरं माशातच रमायचो (वसई आहे, दुसरं काय होणार).

हा धागा वाचून बायबल पुन्हा काढलं. योना शेवटी निनवेत जाऊन ओरडतो, चाळीस दिवसांत शहर उलथणार. आणि राजा काय करतो? सिंहासनावरून उठतो, राजवस्त्र काढतो, गोणपाट नेसतो आणि राखेत बसतो. गुराढोरांनासुद्धा उपास आणि गोणपाट! लहानपणी हे मला अगदीच गोष्टीतलं वाटायचं. आता तुमचा उपाशी एसरहद्दोन आणि "शेतकरी महाराज" वाचल्यावर वाटतं, ज्याने ही गोष्ट रचली त्याच्या कानावर निनवेच्या राजांच्या या सवयी आल्या असतील का?

दुसरं म्हणजे सन्हेरीबची यरुशलेमवरची स्वारी, ई.स.पू. ७०१. त्याचा लेख म्हणतो, यरुशलेमचा राजा हिज्कीया याची ४६ तटबंदीची गावं घेतली आणि त्याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. बायबल म्हणतं देवदूताने रात्रीत त्याचं सैन्य मारलं. पण खंडणीचं सोनं दोन्हीकडे तीस किक्कारच (किक्कार म्हणजे तेव्हाचं वजनाचं माप)! चांदीवर मात्र जमत नाही, बायबलमध्ये ३००, त्याच्या लेखात ८००. आणि शहर पडलं असं सन्हेरीबही कुठे म्हणत नाही. पिंजऱ्याची उपमा देऊन वेळ मारून नेलीय.

---

खडूफळा

@वसईचा_वारा, शाब्बास. यरुशलेम मिळालं नाही म्हणून राजवाड्यात एक अख्खं दालन लाखीशच्या वेढ्याला दिलं. न मिळालेल्या मोठ्या गावाऐवजी मिळालेल्या दुसऱ्या गावाची जाहिरात.

---

अवकाळी

मला या सगळ्या कौतुकाचा थोडा वैताग येतोय. जलसेतू, ग्रंथालय, बोरू. पण हे लोक जिवंत माणसांची कातडी सोलायचे आणि ते स्वतःच कोरून ठेवायचे. अशुरबनिपालचा तो प्रसिद्ध मेजवानीचा पट आहे ना, द्राक्षवेलींच्या मांडवाखाली राजा पहुडलाय, राणी समोर बसलीय, सेविका वारा घालताहेत, वादक वाजवताहेत. डावीकडे झाडाला काय लटकतंय बघितलंत का? एलामच्या राजाचं, तेउम्मानचं मुंडकं. मला ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी पक्षी दिसले, मग ते दिसलं. तेव्हापासून त्या बागेत मला काही सुंदर दिसत नाही.

---

मातीची_पाटी

@अवकाळी, कौतुक करायला धागा काढला नाही, पण तसा वाटला असेल तर दोष माझा.

त्या मुंडक्याच्या जवळच मला पुढची गोष्ट दिसते. एसरहद्दोनने आपल्या बापाची चूक टाळायला ई.स.पू. ६७२ मध्ये सगळ्या मांडलिकांकडून शपथ घेतली, माझ्यानंतर असीरियात अशुरबनिपाल आणि बाबिलोनमध्ये त्याचा भाऊ शमश-शुम-उकिन. वाईट शब्द कानावर आला, मग तो भावाच्या तोंडून असो वा मुलाच्या, तर कळवायचं. मोडणाऱ्याला शापांची लांबलचक यादी. तरी दोन वर्षांत, ६७० मध्ये, त्याने आपल्याच अनेक सरदारांना तलवारीखाली घातलं. ६६९ मध्ये इजिप्तच्या वाटेवर मेला. मग म्हाताऱ्या आजीने, नकिया तिचं नाव, नातवासाठी पुन्हा सगळ्यांना शपथ घातली.

आणि इतकं करूनही ६५२ मध्ये भाऊ भावाविरुद्ध उठलाच. चार वर्षं लढाई, बाबिलोनला उपासमार, शेवटी ६४८ मध्ये शमश-शुम-उकिन आगीत मेला. अशुरबनिपालच्या एका मजकुरात तो रडतोय, देवांचं केलं, माणसांचं केलं, मेलेल्यांचं केलं, मग मला आजार का, घरात भांडण का, देशात कलह का.

---

पाटबंधारे_७८

शपथेच्या त्या पाट्या १९५५ साली निमरूदला नाबूच्या देवळाजवळ सापडल्या ना? साडेतीनशेवर तुकडे.

---

मातीची_पाटी

हो. सापडलेल्या प्रती पूर्वेकडच्या, मीड मुलखातल्या (आजचा इराण) सरदारांनी घेतलेल्या शपथेच्या. ई.स.पू. ६१२ मध्ये मीड आणि बाबिलोनी फौजांनी मिळून निनवे तीन महिन्यांत पाडलं. अशुरबनिपाल जाऊन वीसेक वर्षं झाली होती. कल्हूही त्याच धामधुमीत गेलं, आणि मीड सरदारांच्या शपथा फोडलेल्या सापडल्या.

---

दजला_किनारी

बऱ्याच वर्षांनी लॉगिन करतोय. ऐंशीच्या दशकात मी मोसुलला एका बांधकाम कंपनीत होतो, आपल्याकडचे खूप जण तेव्हा इराकमध्ये होते. निनवे म्हणजे नदीपलीकडे मोसुलचाच पूर्व भाग. कोटाच्या टेकाडावर मेंढरं चरायची. शुक्रवारी सुट्टी, आम्ही चहाचे थर्मास घेऊन तिथे जायचो आणि क्रिकेट खेळायचो. आपण कशावर बॅट आपटतोय याची शुद्ध कुणाला होती!

नबी युनुसच्या टेकडीवर मशीद होती, योनाची कबर म्हणून ओळखली जायची. मुसलमान यायचे, ख्रिस्ती यायचे. आमचा पुणेरी फोरमन पण चप्पल काढून आत गेला होता, "देव कुठलाही असो, नमस्कार फुकट असतो" म्हणाला. २०१४ मध्ये आयसिसने ती उडवली तेव्हा टीव्हीसमोर बसून राहिलो. पुढे कळलं की खाली त्यांनी चोरीसाठी बोगदे खणले होते आणि त्यातच एसरहद्दोनच्या राजवाड्याच्या भिंती आणि लेख दिसले. तुमचा हा उपाशी राजा आमच्या फोरमनच्या पायाखाली होता म्हणायचा.

मश्की दरवाजाही त्यांनी पाडला. तो पुन्हा उभारताना २०२२ मध्ये सन्हेरीबच्या काळचे संगमरवरी शिल्पपट निघाले.

---

वसईचा_वारा

@दजला_किनारी काका, यावर वेगळा धागा काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कावेरीकाठ

एक प्रश्न राहिलाच. तो बदली राजा. शंभर दिवसांनी आपलं काय होणार हे त्याला माहीत असायचं का? आणि कधी उलटं झालं का, म्हणजे खराच मेला?

---

मातीची_पाटी

उलटं झाल्याची आख्यायिका आहे, असीरियाच्या हजारभर वर्षं आधीची. इसिनचा राजा एर्रा-इमित्तीने एन्लिल-बानी नावाच्या माळ्याला बदली बसवलं आणि स्वतः गरम लापशी पिताना दगावला. माळी उठलाच नाही! नंतर त्याने खरोखर राज्य केलं.

बाकी माहीत असायचं का... सहसा कैदी किंवा कुणी किरकोळ माणूस धरत. एसरहद्दोनच्या वेळी एकदा मात्र दमकी नावाचा तरुण होता, अक्कडच्या देवळाच्या मुख्याधिकाऱ्याचा मुलगा. मार-इस्सर नावाचा अधिकारी राजाला कळवतो : दमकी आणि त्याची राणी ठरल्याप्रमाणे गेले, दफन केलं, सजवलं, शोक केला, अक्कडचे लोक घाबरले होते, त्यांना धीर दिला, आता शांत आहेत.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. एका भविष्य सांगणारीने दमकीला आधीच सांगितलं होतं, "तू राज्य घेशील."